फातिमा-कोइंब्रा: एका दिवसाच्या सहलीविरुद्ध

कोजागरीच्या मेळाव्यात आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी पोर्तुगाल प्रवासाची छायाचित्रे पडद्यावर दाखविली. लिस्बनहून सकाळी आठला निघालेली बस, दुपारपर्यंत फातिमा, जेवणानंतर कोइंब्रा आणि रात्री पुन्हा लिस्बन. छायाचित्रे सुरेख होती. फातिमाचे पांढरेशुभ्र बासिलिका, कोइंब्राच्या विद्यापीठाचे विस्तीर्ण प्रांगण, काळ्या झग्यातल्या विद्यार्थ्यांसमवेत सपत्नीक काढलेला फोटो. मसाला दूध घेत सर्वांनी वाहवा केली. "एका दिवसात दोन्ही उरकले," असे वक्ते समाधानाने म्हणाले. त्या 'उरकले' या शब्दाने मला हा लेख लिहायला बसविले आहे.

मागच्या रांगेतून त्या रात्री दोन प्रतिक्रिया आल्या. एक गृहस्थ म्हणाले, "ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्या देशात पैसे मोजून कशाला जायचे?" त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "चर्च आणि जुनी पुस्तके. त्यात आपले असे काय आहे?" वक्ते हसले, अध्यक्षांनी आभार मानले आणि कार्यक्रम संपला. मी गप्प राहिलो, कारण मीही तीच सहल केलेली आहे. सेवानिवृत्तीनंतर २०१८ च्या सप्टेंबरात मी आणि सौ. लिस्बनला भाचीकडे गेलो होतो. माणशी ८५ युरो मोजून आम्ही त्याच प्रकारच्या बसमध्ये बसलो आणि दोन्ही 'उरकून' परतलो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात पहिला आरोपी मीच आहे.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगतो. आमच्या घराला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाचे घर आहे. तिथल्या आजीने मला अंगाखांद्यावर खेळविलेले. मी पोर्तुगालला निघालो हे कळताच ती काठी टेकीत आली, माझ्या हातात पदरच्या काही नोटा ठेवल्या आणि म्हणाली, फातिमा सायबिणीकडे माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव, आणि मेणाचा एक पाय ठेव. तिचे गुडघे गेले होते. नुसते ठेवून येऊ नकोस, थोडा वेळ बस, एवढीच तिची अट होती.

लिस्बनहून फातिमा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मार्गदर्शक तरुण हुशार होता, तीन भाषांत बोलत होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. १९१७ च्या मे ते ऑक्टोबर या काळात, दर महिन्याच्या १३ तारखेला, कोवा दा इरिया या माळावर लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन गुराखी मुलांना मातेचे दर्शन झाले, ही कथा त्याने बसमध्येच सांगून टाकली. ऑगस्टची भेट मात्र १९ तारखेला झाली, कारण १३ ला मुलांना स्थानिक प्रशासकाने डांबून ठेवले होते. हा तपशील मला नंतर वाचनात सापडला. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे त्या प्रशासकाचे मला विशेष कुतूहल वाटले, पण बसमध्ये त्याला जागा नव्हती. मार्गदर्शकाचा भर होता बंदुकीच्या गोळीवर. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर झाडलेली गोळी पुढे मूर्तीच्या मुकुटात बसविण्यात आली. ही गोष्ट खरी आहे आणि रोमांचक आहे, म्हणून तिला सात-आठ मिनिटे मिळाली.

फातिमात आम्हाला सव्वा तास दिला होता. त्यातली पहिली पंचवीस मिनिटे एका दुकानात गेली. बस थेट दुकानासमोरच थांबते, तिथे जपमाळांवर, मूर्तींवर 'खास सवलत' असते, आणि मार्गदर्शकाचे दुकानदाराशी चांगले संबंध असल्याचे कुणाच्याही लक्षात यावे. उरलेल्या पन्नास मिनिटांत १९५३ मध्ये पूर्ण झालेले जुने बासिलिका, २००७ मधले साडेआठ हजारांवर आसनांचे नवे बासिलिका, बर्लिनच्या भिंतीचा तिथे ठेवलेला तुकडा आणि दर्शनाच्या जागेवरची छोटी कापेलिन्या, एवढे पाहायचे होते. संगमरवरी पट्ट्यावरून एक बाई गुडघ्यांवर सरकत कापेलिन्याकडे चालली होती आणि तिचा लहान मुलगा तिचा हात धरून बाजूने चालत होता. ती पोहोचेपर्यंत थांबावे असे मला वाटले, पण घड्याळ पाहून आम्ही पुढे निघालो.

मेणबत्त्या लावण्याच्या ठिकाणी मोठी रांग होती. तिथे इतक्या मेणबत्त्या जळतात की उष्णतेने त्या वाकून एकमेकींवर कोसळतात आणि खालच्या पन्हळीत मेण वाहत असते. आजीची मेणबत्ती मी घाईघाईने त्या ज्वाळांत खोचली, ती नीट उभीही राहिली नाही. मेणाचा पाय तिथेच ठेवला आणि आम्ही दोघे अक्षरशः धावत बस गाठली. घरी आल्यावर आजीने विचारले, "थंय मातसो बसलो मू रे, बाबा?" मी हो म्हणालो. चाळीस वर्षे शासनाची सेवा करताना मी अनेक गोष्टींना होकार दिला असेन, पण त्या होकाराची लाज मला आजही वाटते.

'चर्चमध्ये आपले काय' असे विचारणाऱ्या बाईंना माझे पहिले उत्तर हेच आहे. गोव्यात राहून आपण हा प्रश्न विचारतो याचे मला नवल वाटते. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. ती आणि शिरगावची लईराई या बहिणी आहेत ही कथा आपल्या आज्यांनीच आपल्याला सांगितली. जुन्या गोव्यातील २०२४-२५ च्या शवप्रदर्शनाच्या दर्शनरांगेतही आपली माणसे होती. धर्म बदलला तरी नवसाची रीत बदलत नाही. आणि लिस्बनमधील हिंदूंनाही, ज्यांत मोझांबिकहून आलेले गुजराती पुष्कळ आहेत, फातिमा परके वाटत नाही. २००४ मध्ये त्यांच्या एका पुजाऱ्याने कापेलिन्यात प्रार्थना केली तेव्हा काही कर्मठ कॅथलिकांनी गदारोळ केला. म्हणजे 'त्यात आपले काय' असे विचारणारे दोन्ही बाजूंना आहेत.

आता कोइंब्रा. इथे मात्र माझा संयम सुटतो.

दुपारी अडीचला आम्ही पोहोचलो आणि साडेचारला निघालो. त्या दोन तासांत मार्गदर्शकाने आम्हाला काय सांगितले? विद्यापीठाची स्थापना १२९० ची, १५३७ पासून ते कायमचे कोइंब्रात, २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मग जोआनिना ग्रंथालय. पाचवा जॉन या राजाने अठराव्या शतकात बांधविलेले, सोन्याच्या मुलाम्याचे, खरोखरच डोळे दिपविणारे. आत वीस मिनिटे मिळतात. तिथे रात्री वटवाघळे पुस्तकांना लागणारे किडे खातात आणि त्यांची घाण पडू नये म्हणून मेजांवर चामड्याची आच्छादने घालतात, हे ऐकून सगळी बस खूश झाली. (मी ज्या कचेरीत उमेदवारी केली तिथे पोर्तुगीज काळातली दप्तरे होती. वटवाघळे नव्हती, वाळवी होती, आणि तिला खाणारे कुणी नव्हते.) त्यानंतर काळे झगे, आणि त्या झग्यांवरून एका इंग्रज लेखिकेच्या जादूगार मुलाच्या शाळेचा गणवेश सुचला असावा ही दंतकथा. त्या बाईंनी काही काळ पोर्तो शहरात इंग्रजी शिकविले हे खरे. पण सातशे वर्षांच्या विद्यापीठाची ओळख एवढ्यावर संपावी?

ज्या प्रांगणातून आम्हाला चालविले त्याच्या शेजारच्या अजस्र, सरळसोट दगडी इमारतींकडे बोट दाखवून मार्गदर्शक म्हणाला, "ह्या नव्या." नव्या म्हणजे कुणी, कधी बांधल्या? १९४० च्या दशकात सालाझारच्या राजवटीने कोइंब्राच्या उंच टेकडीवरची जुनी वस्ती पाडली, शेकडो कुटुंबांना तिथून हलविले आणि आपल्या सत्तेला शोभेल अशी विद्यापीठनगरी उभारली. सालाझार स्वतः याच विद्यापीठात शिकला, इथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, १९२८ मध्ये इथूनच अर्थमंत्री म्हणून लिस्बनला गेला आणि १९३२ ते १९६८ पंतप्रधानपदी राहिला. १९३० चा वसाहत कायदा त्याचा. वसाहती बाळगणे आणि त्यांना 'सुधारणे' हे पोर्तुगीज राष्ट्राच्या प्रकृतीतच आहे, असे त्यात लिहिले होते. त्याच वर्षी आपल्या लुईस दि मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधान परिषदेत त्याचा धडधडीत निषेध केला. कोइंब्रात सालाझारचा सोबती असलेला सेरेजेरा पुढे लिस्बनचा पात्रिआर्क झाला आणि १९२९ ते १९७१ त्या पदावर राहिला. त्यांच्या काळात फातिमाची भक्ती आणि राजवट यांची कशी सांगड घातली गेली हा पोर्तुगालमध्ये आजही वादाचा विषय आहे. दर्शन घेतलेल्या तिघांपैकी लुसिया १९४८ पासून २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोइंब्राच्याच कार्मेल मठात राहिली. म्हणजे सकाळचे आणि दुपारचे गाव एका धाग्याने बांधलेले होते, आणि तो धागा पंचेचाळीस आसनांच्या त्या बसमध्ये कुणाच्याही हाती लागला नाही.

आपल्याशी संबंध असलेली नावे तर कुणी उच्चारलीच नाहीत. १९२८ मध्ये कोइंब्रातील गोमंतकीय विद्यार्थ्यांनी तिथे एक भारतीय संस्था स्थापिली आणि 'इंदिया नोव्हा' हे नियतकालिक काढले. त्यांत आदेओदात बार्रेतो आणि तेलो दि मास्कारेन्यस हे प्रमुख. बार्रेतोंनी हिंदू संस्कृतीवर पोर्तुगीजमध्ये ग्रंथ लिहिला आणि १९३७ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, कोइंब्रातच देह ठेवला. मास्कारेन्यस पुढे गोव्याच्या मुक्तीसाठी झगडले आणि पोर्तुगालच्या तुरुंगात १९७० पर्यंत खितपत पडले. ज्या शहराने सालाझारला घडविले त्याच शहरात, तो मंत्री झाला त्याच वर्षी, आपली मुले भारताचे नाव घेऊन नियतकालिक काढीत होती. याहून मोठी गोष्ट त्या दोन तासांत कुठली होती? आणि १७ एप्रिल १९६९ रोजी त्याच टेकडीवर गणित विभागाच्या इमारतीच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांसमोर विद्यार्थी नेत्याला बोलू दिले नाही म्हणून विद्यापीठ पेटले. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी आपले मोहन रानडे काशियशच्या तुरुंगातून सुटले होते. आम्ही त्या इमारतीसमोरूनच आइस्क्रीम खात गेलो.

देवळांविषयी बोललेल्या गृहस्थांचा राग मला परका नाही. आमचे कुलदैवत साष्टीतून रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात न्यावे लागले, हे आमच्या घरात अजून पालखीच्या दिवशी सांगितले जाते. पण हा राग बाळगणाऱ्याने तर कोइंब्राला आधी जावे. इन्क्विझिशनची पोर्तुगालमधील एक पीठ कोइंब्रात होती. तिचे प्रांगण आजही शहराच्या खालच्या भागात त्याच नावाने ओळखले जाते. गोव्याची १५६० ची पीठ तिचीच बहीण. बस तिथे जात नाही, कारण तिथे वटवाघळे नाहीत. एका दिवसाच्या सहलीत आपल्याला पूर्वजांचे दुःखसुद्धा भेटत नाही, मग राग करायचा तरी कशाचा?

पण मला खरा सल आहे तो निराळाच, आणि तो आपल्या घरातला आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लिहिणारे आंतोनियो लुईस दि सेआब्रा कोइंब्राचे कायद्याचे पदवीधर, पुढे त्याच विद्यापीठाचे रेक्टर. ती संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या काही चालीरीती तिच्यातून राखून ठेवल्या, ज्यांतल्या काही आज वाचताना मान खाली जाते. तरीही मुलीला मुलाच्या बरोबरीने वारसा, पतिपत्नीची सामाईक मालमत्ता हे सारे आपल्या आज्या-पणज्यांना त्या संहितेने दिले, आणि उर्वरित हिंदुस्थानातील बहिणींना त्यासाठी फार वाट पाहावी लागली. वारशाविषयीचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला आहे, तो २०१६ अखेर अमलात आला, पण त्याचा सांगाडा तोच. देशात समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की पुढारी गोव्याचे नाव घेतात. ज्या शहरात तो कायदा शिकविला गेला त्या शहरात आपण दोन तास घालवितो आणि मेजावरच्या चामड्याविषयी ऐकून परत येतो!

माझ्या आजोबांच्या मृत्यूनंतर १९३४ मध्ये झालेल्या इन्व्हेंटरीचे कागद आमच्याकडे आहेत. तिन्ही आत्यांची नावे वडिलांच्या आणि काकांच्या ओळीत, सारख्याच हक्काने लिहिलेली आहेत. पुढे दोन आत्यांकडून भावांनी हक्कसोड लिहून घेतली. तो पराक्रम आमचा, कोइंब्राचा नव्हे. वडील लिसेवमध्ये शिकलेले होते, ते हे कागद वर्तमानपत्रासारखे वाचीत. मी मुक्तीनंतरच्या मराठी शाळेत गेलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु वडिलांकडून ती भाषा शिकून घ्यायला कुणी बंदी घातली नव्हती. मीच 'ती गुलामीची भाषा' म्हणून नाक मुरडले. मग नोकरीत आयुष्यभर एस्क्रितुरा आणि कोमुनिदादची दप्तरे हाताखालून गेली आणि दर वेळी एका वृद्ध दुभाष्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी येण्याजोगे कुणीच नव्हते. आपल्या देवस्थानांच्या महाजनकीचे नियम, गावांच्या जमिनी, घरांच्या वाटण्या त्या भाषेत आहेत. वाद निघाला की आपण कुणा तरी भाषांतरकाराचे पाय धरतो आणि तो सांगेल ते खरे मानतो. कोइंब्रात मार्गदर्शकाने "काही प्रश्न?" असे विचारले तेव्हा बसमध्ये सर्वांत जास्त प्रश्न आम्हा दोघांपाशी असायला हवे होते. मी विचारले, स्वच्छतागृह कुठे आहे.

आपल्यातील अनेक तरुण लिस्बनला जातात, जन्मनोंदणीचे कागद करतात, आणि २०२० पर्यंत त्या पारपत्रावर पुढे इंग्लंडला निघून जात. त्यांना मी दोष देत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण ज्यांना पोटाची चिंता नाही, ज्यांचे निवृत्तिवेतन वेळेवर येते, त्या आपल्यासारख्यांनी तरी 'उरकण्या'ची घाई का करावी?

२०२३ च्या ऑक्टोबरात मी पुन्हा गेलो. या वेळी बस घेतली नाही. लिस्बनहून आगगाडीने सुमारे दोन तासांत कोइंब्रा. एका साध्या खानावळीच्या वरच्या खोलीत तीन रात्री राहिलो, खर्च त्या सहलीहून फार निराळा आला नाही. इन्क्विझिशनचे प्रांगण पाहिले. सांता क्रूझमध्ये पहिल्या राजाची समाधी पाहिली. कार्मेल मठाशेजारचे लुसियाचे स्मारक पाहिले. संध्याकाळी मोंदेगू नदीकाठी बसून त्या टेकडीकडे पाहत राहिलो, आणि तिथे शिकलेल्या दोन प्रकारच्या माणसांचा विचार केला. मग फातिमाला एक रात्र. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे रोज रात्री साडेनऊला जपमाळेची प्रार्थना आणि मेणबत्त्यांची मिरवणूक असते. हजारो लोक हातात ज्योती घेऊन त्या प्रचंड पटांगणात उभे राहतात. एका दिवसाच्या बसला हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा ती लिस्बनच्या हॉटेलांपाशी माणसे उतरवून मोकळी झालेली असते. आजी २०२१ मध्ये गेली होती. तिच्या नावाने मेणबत्ती लावली, ती सरळ उभी राहील अशी, आणि बसलो. मिरवणूक संपेपर्यंत बसलो.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती नाही, मागणी आहे. परदेशप्रवासाच्या चित्रांचे कार्यक्रम वर्षाला तीन होतात, त्यांतले दोन बंद करावेत. त्या वेळात आणि त्याच सभागृहात, मंगळवारी संध्याकाळी, पोर्तुगीज दस्तऐवज वाचण्याचा वर्ग सुरू करावा. साहित्य शिकविण्याची गरज नाही, भाषणकलाही नको. आपल्या घरातल्या पेटाऱ्यांतले कागद प्रत्येकाने आणावेत आणि ज्याला जितके येते त्याने तितके वाचावे. आपल्यातील लिसेवमध्ये शिकलेली दोन-चार माणसे अजून आहेत, नव्वदीला टेकलेली. त्यांना रिक्षा करून आणण्याचा खर्च मी देतो. शेजारच्या ख्रिस्ती घरांतल्या ज्येष्ठांनाही बोलवावे. त्यांच्याकडे ती भाषा आपल्याहून अधिक टिकली आहे, आणि कागद त्यांचे-आपले एकाच गावाचे आहेत. ज्यांना फातिमा-कोइंब्राला जायचे आहे त्यांनी हा वर्ग सहा महिने करून मग जावे, आणि तिथे निदान तीन रात्री राहावे.

पहिला कागद मी आणीन, १९३४ च्या इन्व्हेंटरीचा. तिच्या तिसऱ्या पानावर, तांब्याच्या घंगाळाच्या आणि दोन पोफळीच्या बागांच्या नोंदीमध्ये, एक शब्द आहे. तो भाचीला लागला नाही, तिच्या लिस्बनमधल्या शेजाऱ्यालाही लागला नाही. वडिलांना विचारायचे माझे राहून गेले.